झे. बदली

छापील धावफलकात बदली खेळाडूचं नाव येत नाही.
झेल कुणी घेतला? बदलीनं. संपलं.
मी मात्र वहीच्या समासात, पेन्सिलीनं,
बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: प्रॉथेरो, से.
चेस्टरफील्ड. जूनमधला एक गुरुवार.
पंचांनी दोन दोन स्वेटर चढवले होते.

सेल्विन, तू बारा गावचं पाणी प्यालास
आणि प्रत्येक पाण्याची चव तुला सांगता यायची.
नॉर्दम्प्टनचं जड, किटलीच्या बुडाशी खडू साठवणारं.
वूस्टरचं तर आपण होऊन भेटीला यायचं,
नदी फुगली की थेट ड्रेसिंग रूममध्ये, घोट्यापर्यंत.
आणि तुझ्या खोऱ्यातलं,
खाण बंद पडून वर्षं लोटली तरी
ज्याला लोखंडाचा वास होता.

तीन काउंट्या, सत्तावन्न सामने.
सरासरी तू कधी सांगितली नाहीस, मीही सांगत नाही.
दर सप्टेंबरात सचिवांचं पत्र.
पहिल्याच ओळीत 'आभारी आहोत' दिसलं
की पुढचं वाचायचं नसतं, हे तूच मला शिकवलंस.
मग हिवाळाभर टपाल वाटायचं,
एक वर्ष ख्रिसमसची झाडं विकलीस,
एक वर्ष बुलावायोत, शाळेतल्या पोरांना
डावखुरी फिरकी, दोन वेळचं जेवण आणि खोली.
मारियननं एकदा विचारलं होतं,
पडदे नेमके कुठल्या घराच्या मापाचे शिवू?
शिवणयंत्र आधी बहिणीकडे गेलं.
मागून तीही.

मला आठवतात तुझी निर्धाव षटकं.
वहीत सहा टिंबं पडली
की आम्ही ती रेघेनं जोडतो, इंग्रजी एम होतो.
दोन डोंगर, मधे खोरं.
चहाच्या वेळी माझ्या खांद्यावरून डोकावून तू म्हणायचास,
नेरिस, आज माझं गाव चारदा काढलंस.

गुडघा गेला तेव्हा चाळिशी उलटली होती.
आणि तू निघालास डेन्मार्कला, ऑर्हुसला.
मी हसले. तिथे काय, बर्फावर टप्पा टाकणार?
फुटबॉलच्या दोन मैदानांमधे एक पट्टी,
तिच्यावर चटई अंथरायची, खिळे ठोकायचे,
सामना संपला की चटई गुंडाळून खिळे मोजायचे.
बावीस.
एकवीस भरले तर अंधार पडेपर्यंत
सगळे गवतात ओणवे: जाफन्याहून आलेल्यांची पोरं,
काबूलहून आलेल्यांची,
आणि एक उंच मिकेल, जो चेंडू निसटला
की चेंडूचीच माफी मागायचा.
पत्रात यालिनीचं नाव वारंवार यायचं.
तेरा वर्षांची, बाप रात्रपाळीला बेकरीत.
'मनगट तिचं तिनंच आणलंय,' तू लिहिलंस,
'मी नुसता खिळे मोजतो.'
हे खोटं होतं. तुला उलट टपाली तसं कळवलंही.
उत्तरात तू हवामान लिहिलंस.

यंदाच्या वार्षिकात तुझ्यावर चार ओळी आहेत.
खोऱ्याचं नाव चुकलंय.
झेल: एकवीस.
मी संपादकांना पत्र लिहिलं.
नियमाप्रमाणे बरोबरच आहे, असं त्यांचं उत्तर आलं,
आणि शेवटच्या ओळीत, आभारी आहोत.

अंत्यविधीला यालिनी आली होती, दोन विमानं बदलून.
चॅपलबाहेर बारीक पाऊस, सॅंडविचचं ताट,
ते कुठे ठेवावं हे कुणालाच कळत नव्हतं.
तिनं हळूच विचारलं,
ते स्वतः चांगले खेळायचे का?
आम्हाला कधी सांगितलं नाही.

आकडे माझ्या पिशवीत होते. काढले नाहीत.
तिला सांगितलं: चेस्टरफील्ड, गुरुवार, कडाक्याची थंडी,
हा त्या दिवशी पाणी न्यायला होता,
कुणाची तरी करंगळी मोडली म्हणून मैदानात गेला.
चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे चालला होता,
आणि तो पाठमोरा धावला, आडवा झाला,
ओल्या गवतावरून घसरत पार दोरीपाशी थांबला.
उठला. अंगात स्वेटर दुसऱ्याचा,
बाह्या इतक्या लांब
की फक्त बोटांची टोकं दिसत होती
आणि त्यांत चेंडू.